पैंजणं आणि अकराचा भोंगा

आमच्या भागात मॉन्टेसरी म्हणजे पोराला रोज तीन तास अडकवून ठेवायची जागा. या शब्दाला आणखी काही अर्थ असेल, अशी शंकासुद्धा कुणाला येत नसे. "लई दंगा करतंय, घाला मॉन्टेसरीत," असं लोक म्हणायचे. मी पुण्यात वर्षभर राहून त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कोल्हापूरच्या कसबा बावड्यात, आमच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत, वर्ग सुरू केला होता. शिक्षण घेताना मला कुणी सांगितलं नव्हतं की मुलांना शिकवणं सोपं असतं, मुलांच्या घरच्यांना शिकवताना नाकी नऊ येतात.

सुरुवात सुतारापासून झाली. गुलाबी मनोरा नावाचं एक साधन असतं. दहा लाकडी ठोकळे, पहिला पंज्याएवढा, पुढचा प्रत्येक थोडा लहान, शेवटचा बोराएवढा. मुलानं ते क्रमानं एकावर एक रचायचे. मी कागदावर मापं काढून दिली. पंधरा दिवसांनी सुतारानं दहा ठोकळे आणले. सुरेख घासलेले, सुरेख रंगवलेले आणि दहाही अगदी सारखे. "तुमच्या कागदावर ल्हान-मोठं झालंतं," तो म्हणाला, "म्हणून समदं एकसारखं करून आणलं बगा." त्याला एवढा आनंद झाला होता की मला रागावताही येईना. ते दहा ठोकळे आजही आमच्या दारांना अटकाव म्हणून लावलेले आहेत; खरा मनोरा मी मग पुण्याहून मागवला.

मग पालक. मी एक वर्षाच्या आतल्या बाळांच्या आयांनाही आठवड्यातून एकदा बोलवत असे. बाळाला पाळण्यात जखडू नका, खाली चटईवर सोडा, त्याचं त्याला पालथं पडू द्या, असं सांगायला. त्या मान डोलवायच्या आणि माझ्या देखत बाळाला उचलून खांद्यावर टाकायच्या. तीन-साडेतीन वर्षांची मुलं कडेवर बसून वर्गाला येत. उंबऱ्यापासून मूल आपल्या पायानं आत येईल, असा नियम मी केला, तर आया खिडकीशी उभ्या राहून ओरडायच्या, "अगं ती उजव्या पायातली चप्पल, उजव्या." बटण लावायला शिकायच्या कापडी चौकटीवर एखादं पोर दहा मिनिटं झगडून पहिलं बटण काजात घालायच्या बेतात असलं, की हटकून कुणाचा तरी हात खिडकीतून आत येई. आणि वडील मंडळी विचारायची, "बाई, एबीसीडी कवा?" एकानं तर मुलाला छोट्या तांब्यातून पाणी ओतताना बघितलं आणि म्हणाला, "पाणी वतायला घरात हौद हाय की. त्याला कशाला फी?"

मी सगळ्यांना एकच वाक्य सांगायची. त्याचं त्याला करू द्या, तुम्ही नुसतं बघा. सभेत सांगायची, दारात सांगायची, भाजी घेताना कुणी भेटलं तर तिथं सांगायची. पालथ्या घड्यावर पाणी. "बघायचं काय त्यात?" असं एक आई मला म्हणाली होती. मी तिला अर्धा तास सुनावलं. बघणं हेच आमचं काम, मी रोज प्रत्येक मुलाचं निरीक्षण वहीत लिहिते, वगैरे. तिनं मध्येच जांभई दिली.

या सगळ्यात माझा जीव कशात असेल तर तो शांततेच्या खेळात. त्याविषयी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. मुलं आपापल्या चटईवर बसतात, हात-पाय सोडून देतात आणि सगळा वर्ग गप्प होतो. मग बाई दुसऱ्या खोलीच्या दारात जाऊन एकेकाचं नाव अगदी कुजबुजून घेते. ज्याचं नाव येईल त्यानं उठायचं आणि आवाज न करता चालत तिच्यापर्यंत जायचं. शेवटी प्रत्येकानं सांगायचं, काय काय ऐकू आलं ते. घड्याळ, कावळा, शेजारच्यांचा कुकर, उसाच्या बैलगाडीची चाकं. खेळ खरा त्यासाठी असतो. आमच्याकडे माणसं बोलत नाहीत, हाळी देतात. नळाला पाणी आलं हेसुद्धा तीन घरांना ऐकू जाईल असं सांगतात. त्या गावात अठरा मुलं दोन मिनिटं गप्प बसतात आणि कावळा ऐकतात, याचा मला फार गर्व होता. खेळ ऐकण्यासाठी आहे हे मी हळूहळू विसरले आणि गप्प बसण्याची मिनिटं मोजायला लागले.

दिवाळीनंतर एक मुलगी आली. साडेतीन वर्षांची, काटक, पायाला भिंगरी. वडिलांनी नवीन वसाहतीत घर बांधलं होतं, आई नुकती बाळंत झाली होती, म्हणून तिला आणायला-सोडायला तिची आज्जी येई. आज्जी हुपरीची. घरात पैंजण बनवायचं काम, आणि या बाईंनी सगळा जन्म घुंगरू जोडण्यात घालवलेला. बोटांची टोकं काळी पडलेली होती. नातीच्या पायातली पैंजणं त्यांनी स्वतः केलेली होती, चांगली जाड आणि घुंगरांनी गच्च भरलेली. मुलगी फाटकात आली की मला आतल्या खोलीत कळे.

पहिल्याच शांततेच्या खेळात तिचं नाव आलं. ती उठली आणि पळतच आली. सगळा वर्ग खदखदून हसला, तीही हसली, आणि दोन मिनिटांची शांतता मातीमोल झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर मुलं तिच्या नावाची वाटच बघत बसली. मी आज्जींना दारात गाठलं.

"आज्जी, वर्गाला आणताना पैंजणं काढून ठेवता का?"

"कशाला ओ?"

"आवाज होतो त्यांचा."

"पैंजण हाय न्हवं. आवाज हुणारच की."

"मुलांचं लक्ष जातं तिकडं."

"जाऊ द्या की. जातंय आन् परत येतंय."

मी समजावून सांगायला लागले. एकाग्रता, शांतता, मुलाचं काम. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांचं सांगितलं. "हे बगा बाई, सून बाळातीन हाय. मी चुलीपाशी. ही घरभर पळती. वाजतंय तवर समदं बरं हाय. आवाज थांबला की मी हातातलं टाकून उठतो आन् बघतो. न्हाईतर कवा पाण्याच्या टाकीत जाईल कळायचं न्हाई." एवढं बोलून त्यांनी पदर खोचला आणि चालू लागल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मुलीच्या घरी चिठ्ठी पाठवली. तिच्या आईचं उत्तर आलं की सासूबाईंना वाईट वाटेल, तुम्हीच काय ते सांभाळून घ्या. मग मी जे केलं ते मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. मी त्या मुलीला जवळ घेतलं, तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, डोळ्यांना डोळे भिडवले, अगदी शिक्षणात सांगितलं होतं तसं, आणि मऊ आवाजात म्हटलं, "बाळ, आपल्या वर्गात पाय वाजवायचे नाहीत हं. इतर मुलांना त्रास होतो." तिनं आपल्या पायांकडे बघितलं. मग मान हलवली.

त्या दिवसापासून उंबऱ्याच्या आत पैंजणं वाजली नाहीत. मला वाटलं, जमलं. तिनं हळू चालायची युक्ती शोधली असणार, मुलांना सांगितलं की बरोबर कळतं, फक्त गोडीनं सांगायला हवं. शांततेच्या खेळात मी तिचं नाव घेईनाशी झाले, उगाच कशाला विषाची परीक्षा. ती आपल्या चटईवर मांडी घालून बसे. शेल्फच्या अगदी जवळची चटई तिनं धरली होती, हात लांब केला की साधन मिळेल अशी. लहान-मोठे लाकडी दंडगोल आपापल्या भोकात बसवायची एकच पेटी ती पुन्हा पुन्हा करायची. मी वहीत लिहिलं, शांत बसली, छान. दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. मग लिहीतच गेले.

त्याच सुमाराला पालकसभा होती. मी आयांना वर्ग चालू असताना खिडकीतून बघायला बोलावलं आणि त्या मुलीकडे बोट दाखवलं. म्हटलं, ही आली तेव्हा एका जागी ठरत नव्हती, आता बघा. आया बघून गार झाल्या. एकजण म्हणाली, आमच्या कार्ट्याला पण करा की असं. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो आठवला की आजही मान खाली जाते.

आज्जी मात्र खिडकीचे गज धरून तशाच उभ्या राहिल्या. "घरात तर नुसती पळती," त्या म्हणाल्या. "हितं वाजत न्हाई ही. का वो?"

"कारण इथं तिला काम मिळतं," मी म्हणाले. "मूल कामात रमलं की शांत होतं."

"रमल्याली दिसत न्हाई पर."

मला इतका राग आला. पन्नास वर्षं घुंगरू जोडलेली बाई मला मुलं शिकवणार. मी हसून विषय बदलला.

त्यानंतर चार-पाच दिवसांची गोष्ट. साडेअकरा वाजत आले असतील. माझ्या मदतीला एक मावशी होत्या, मुलांचे हात धुणं, शी-शू बघणं त्यांच्याकडे. त्यांनी मला खूण करून बोलावलं. ती मुलगी चटईवर बसली होती, हात मांडीत, मान ताठ. चटई ओली झाली होती आणि ओल फरशीवर पसरत चालली होती. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती आणि दोन्ही हातांनी घोट्यांपाशी पैंजणं घट्ट दाबून धरली होती.

मावशींनी तिला उचललं, धुतलं, कोरडी चड्डी घातली. मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, "आज भोंगा झाला न्हाई, म्हणून झालं हे."

मला कळेना. साखर कारखान्याचा भोंगा रोज अकराला व्हायचा. अख्ख्या बावड्याला ऐकू जायचा, तो चालू असताना बोललेलं समोरच्यालाही ऐकू येत नसे. त्या दिवशी तो का झाला नाही, ते मला आजही माहीत नाही. पण त्याचा आणि पोरीच्या चड्डीचा संबंध काय?

"अवं, रोज भोंगा झाला की उठती ती," मावशी म्हणाल्या. "भोंगा वाजतोय तवर पळत मोरीवर जाती आन् भोंगा संपायच्या आत येऊन बसती. बाकी उठतच न्हाई. मला वाटलं तुमास्नी ठावं हाय. तुमी रोज लिवतासा न्हवं."

मी आत जाऊन वही काढली. अकरा दिवस. अकराही दिवस माझ्याच अक्षरात, शांत बसली, छान. एकदा अक्षर जरा घाईचं होतं, एवढाच फरक. त्या मुलीनं अकरा दिवसांत तांब्यातून पाणी ओतलं नव्हतं, बागेतल्या झाडांना पाणी घातलं नव्हतं, मनोऱ्याला हात लावला नव्हता, कारण या सगळ्यासाठी उठावं लागतं. मी बघितलं नव्हतं. गावभर बघा, नुसतं बघा म्हणत हिंडणारी मी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला स्वतःची इतकी चीड आली की मावशींवरच खेकसले, आधी का नाही सांगितलं म्हणून. त्या बिचाऱ्या फरशी पुसत होत्या.

बाराला आज्जी आल्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या ओरडतील अशी माझी तयारी होती, खरं तर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या पायरीवर बसल्या, नातीला पुढ्यात घेतलं आणि तिचा पाय मांडीवर धरून पैंजणाची फिरकी काढायला लागल्या. "काढतो मी. न्हाई वाजणार आता."

मुलीनं पाय ओढून घेतला. दोन्ही हातांनी पैंजण धरलं आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज मी मोठा ऐकला. "न्हाई. माजं हाय त्ये."

"मग वाजव की. का बसतीस मुक्यावानी?"

"बाई वराडत्यात."

"मी कधी ओरडले?" माझ्या तोंडून निघून गेलं. "आज्जी, मी कुठल्याच मुलावर कधी आवाज चढवलेला नाही."

"गोडीत वराडला असशीला," आज्जी म्हणाल्या. "गोडीत पण वराडता येतंय की." मग नातीच्या पायावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "आवाज थांबला की बघायचं, सांगितलंतं न्हवं तुमास्नी."

मी मुलीची ओली चड्डी पिशवीत घालून त्यांच्या हातात दिली.

"शनवारपातूर आणतो," उठता उठता त्यांनी सांगून टाकलं. "तवर उठून चालाय लागली तर ठीक. न्हाईतर घरातच ठेवतो. घरात निदान पोर पोरावानी तरी हाय."

त्या दिवशी बुधवार होता. गुरुवारी मी मुलीला सांगितलं, पैंजणं वाजली तरी चालतील. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू माझा एक शब्द ती आधीच ऐकून बसली होती. ती उठली नाही. अकराला भोंगा झाला, ती पळत गेली आणि पळत आली, आणि मी हे सगळं उभी राहून बघितलं. शुक्रवारीही तेच. मी तिच्या चटईपासून लांब एक बाहुलीएवढी केरसुणी ठेवून बघितली, तिला केर काढायला आवडायचं, आज्जींनी सांगितलं होतं. तिनं केरसुणीकडे बघितलं, मग दंडगोलांची पेटी ओढली. मूल शब्दांवर का विश्वास ठेवत नाही, याचं उत्तर माझ्या पुण्याच्या कुठल्याच टिपणात नव्हतं. खरं तर ते माझ्यासमोर बसलं होतं.

शनिवारी मी सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं की माझी एक चूक झाली आहे. वर्गात एकदम शांतता पसरली, इतकी शांतता मी खेळात कधी मिळवली नव्हती. मी म्हटलं, "मी हिला पाय वाजवू नको म्हणून सांगितलं. ते चुकलं माझं. पैंजण वाजण्यासाठीच असतं."

एक मुलगा विचारात पडला. "मग तुमास्नी कोण रागावणार?"

"हिच्या आज्जी रागावल्या," मी म्हणाले.

हे ऐकून मुलं फार खूश झाली. त्या मुलीनंही मान वर केली.

मग आम्ही शांततेचा खेळ घेतला. मी दारात गेले, एकेक नाव कुजबुजले, एकेकजण आला. सतरा मुलं माझ्यामागे आतल्या खोलीत गोळा झाली आणि समोरच्या खोलीत ती एकटी राहिली. मी तिचं नाव घेतलं. ती हलली नाही. भोंग्याला अजून अवकाश होता. मला पुन्हा नाव घ्यायची, हात पुढे करायची, ये ना म्हणायची इतकी अनावर इच्छा झाली की मी हात पाठीमागे बांधले. खिडकीत आज्जी येऊन उभ्या राहिल्या होत्या, वेळेच्या आधीच. घड्याळ ऐकू येत होतं. माझ्यामागे कुणीतरी नाक ओढलं.

ती उठली. एक पाऊल टाकलं, पैंजण वाजलं, ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मागच्या मुलांकडे बघितलं. कुणी हसलं नाही, ती सगळी कान देऊन ऐकत होती. तिनं दुसरं पाऊल टाकलं. तिसरं जरा जोरात आपटलं, मुद्दाम, मी काय करते ते बघायला. मी काही केलं नाही. मग ती धावतच आली.

नेहमीप्रमाणे मी विचारलं, काय काय ऐकू आलं? घड्याळ, एकानं सांगितलं. चिमणी. मोटरसायकल. पैंजण, पैंजण, पैंजण, बाकी सगळे म्हणाले. मी तिला विचारलं, "तुला?"

"माजं पाय," ती म्हणाली.

आज्जींनी सोमवारी तिला परत आणलं. मुलगी मे महिन्यापर्यंत वर्गभर पळत राहिली आणि माझी दोन मिनिटांची शांतता मला पुन्हा कधी मिळाली नाही.

पुढे दोन हजार सालानंतर आमच्याकडे गल्लोगल्ली इंग्रजी नावांच्या बालशाळा निघाल्या, भिंतींवर ससे आणि फुगे रंगवलेल्या, आणि तिथं शिकवणाऱ्या मुली माझ्याकडे काम बघायला यायला लागल्या. शिकलेल्या, हुशार, वह्या घेऊन आलेल्या. मी त्यांना साधनं दाखवण्याआधी कपाटातली ती जुनी वही देते आणि त्या मुलीच्या अकरा दिवसांच्या नोंदी वाचायला सांगते. कुणाचं नाव सांगत नाही, काय झालं ते सांगत नाही. एवढंच विचारते, या मुलीबद्दल तुम्हाला काय वाटतं? दहा-बारा वर्षं मी हे करते आहे. एखादी तरी विचारेल, की बाई, ही उठली कधी? मी वाट बघते. त्या शेवटची नोंद वाचतात, वही मिटतात आणि कौतुकानं म्हणतात, "किती गुणी मुलगी."